भिंतीचा मासा

“होडी म्हणजे काय डागतराची मोटार हा, पांढरी करूक?” बाबल मेस्तने ब्रश हातात घेतला खरा, पण डब्यात बुडवला नाही. “मास्तर, डांबर मारूया. आजपातूर काळे होडयेक कोणी नावां ठेवलेली नाय.”

बाबा होडीच्या पोटाखाली उकिडवे बसून फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “माका काय इचारतंस? मालकीण थंय हुबी हा.”

मालकीण म्हणजे मी. सतरा वर्षांची होते, बारावीत. मुंबईहून आलेल्या एका कॅलेंडरवर मी पांढरीशुभ्र शिडाची होडी पाहिली होती आणि आपली होडी पांढरीच असली पाहिजे हे पावसाळाभर सगळ्यांना सांगत होते.

“पांढरी,” मी म्हटलं.

“आयकलंस?” बाबा म्हणाले.

“आयकलंय. उद्या म्हणात, होडयेक खिडकेक पडदे लावा.” बाबल मेस्तने ब्रश डब्यात बुडवला.

हे १९९० सालातलं, नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधीचं. बाबल तेव्हा सत्तरीला आलेला. आमच्या बंदरातल्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. बाबांनी होडी बांधायला त्याच्याकडेच शिकून घेतलं होतं, तेही तिशी उलटल्यावर. त्याआधी दहा वर्षं ते गलबतावर होते. मंगळुरी कौलं घेऊन आखातात जायचं आणि खजूर घेऊन परतायचं. गलबतावरच अभ्यास करून त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, पुढे मत्स्यव्यवसायाचं शिक्षण घेतलं आणि तालुक्याच्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना सागरशास्त्र शिकवू लागले. लोक त्यांना सारंगमास्तर म्हणत. त्यांच्या वर्गात एकोणीस मुलगे आणि एक मी. शाळेत मी त्यांना सर म्हणायचे आणि परतीच्या एसटीत पुन्हा बाबा.

वर्गात ते लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवत, पण त्यांना त्यात समाधान नव्हतं. “ह्या पोरांका मी खडूचो समुद्र दाखवतंय,” ते आईला म्हणायचे. म्हणून ही होडी. शाळेच्या मुलांना घेऊन समुद्रावर जायचं, जाळं कसं टाकतात, खोली कशी मोजतात, पाण्याचा रंग कशाने बदलतो, ते तिथेच शिकवायचं. तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी आणि रोज शाळेतून आल्यावर ते आणि बाबल काम करत होते. पहिल्या वर्षी नुसता पठाण, म्हणजे होडीचा कणा, अंगणात पडून होता. दुसऱ्या वर्षी बरगड्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या पावसाळ्यात, वर झापांचा मांडव घालून, त्यांनी फळ्या ठोकल्या. चौतीस फुटांची होडी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या भरतीला ती पाण्यात लोटायची ठरली होती. नाव मी ठेवायचं होतं. मी ते ठरवलंही होतं, पण लोटण्याआधी सांगायचं नाही असा नियम होता.

रंग देण्यासाठी मांडव उतरवला आणि दोन दिवसांत होडी पांढरी झाली. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघू लागला.

आता आमच्या घराच्या भिंतीबद्दल सांगायला हवं.

आमचं घर समुद्राच्या अगदी वर, एका बांधावर होतं. घरापुढे अंगण, अंगणाच्या कडेला चिऱ्यांचा पुरुषभर उंचीचा बांध, आणि खाली पुळण. घराची समुद्राकडची भिंत वीस फूट रुंद. ती दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी शिंपल्यांच्या चुन्याने पांढरी करायची, ही आमच्या आजोबांच्याही आधीपासूनची रीत. घराच्या बाकीच्या भिंतींना चुना लागो न लागो, ही भिंत चुकवायची नाही. कारण आमच्या बंदरात शिरायची वाट दोन खडपांच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या रांगांच्या, मधून आहे. दक्षिणेला थोरली, उत्तरेला धाकटी. ओहोटीला दोन्ही जेमतेम डोकं वर काढतात आणि मधली वाट एका होडीपुरती असते. समुद्रावरून होडी हाकत येणारा तांडेल किनाऱ्याकडे बघतो. घरामागे टेकडीवर एक उंच भेरलीमाड आहे. आमच्या पांढऱ्या भिंतीची उत्तरेकडची कड त्या माडाच्या बरोबर खाली आली, की होडी वाटेच्या मधोमध. मग डोळे मिटून आत यायचं.

त्या बदल्यात मोसमाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक होडी आमच्या घरी एक मासा आणून देई. त्याला भिंतीचा मासा म्हणत.

धाकटी खडप ओहोटीला किनाऱ्याला जोडली जाते. तिच्या टोकापर्यंत चालत जाता येतं. आम्ही पोरं तिथे कालवं काढायला जायचो. त्या टोकावर उभं राहून मागे बघायचं आणि हात लांब करून करंगळी धरायची, हा आमचा लहानपणचा खेळ. माड डावीकडे, भिंत उजवीकडे, आणि मधे करंगळीएवढी फट. ही फट दिसते याचा अर्थ आपण वाटेच्या बाहेर, खडकावर आहोत. बाबांनीच शिकवलं होतं हे. तेव्हा मी सहा वर्षांची असेन.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ओहोटी होती. आईला कालवं हवी होती. मी वाटी आणि लोखंडी कोयता घेऊन धाकटीच्या टोकावर गेले. वाटी भरली. मागे वळून होडी पाहिली. उन्हं कलली होती आणि ती अंगणात नुसती चमकत होती. घरी आले, वाटी चुलीजवळ ठेवली. बाबा ओसरीवर बसून दुसऱ्या दिवसाची भरतीची वेळ काढत होते.

“कशी दिसता होडी थंयसून?” त्यांनी विचारलं.

“मस्त,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला समुद्राला नारळ दिला. ऊन होतं, पाणी भरत आलं होतं, खडपं पाण्याखाली गेली होती. चार होड्या निघाल्या. सगळ्यात पुढे लवूकाका मेतर. ते बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त; बाबा पुस्तकात गेले आणि लवूकाका समुद्रातच राहिले, एवढाच दोघांत फरक, असं लवूकाका सांगायचे. निघण्याआधी आमच्या अंगणात येऊन त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, पांढऱ्या रंगावर बोट फिरवून वास घेतला.

“मास्तर, लगीन कोणाचा? होडयेचा काय वैजूचा?”

“तू आदी मासो घेवन ये. मगे लगनाचा बघूया.”

“हाडतंय. सरंगो हाडतंय. पण वैजू, तुज्या होडयेर माका बसवशीत मां? पाय धुवन येतंय.”

मी म्हटलं, “पाय धुतल्यात तरी बसवूचंय नाय.”

ते हसत गेले. त्यांच्यासारखे पाच-सहा तांडेल त्या दोन दिवसांत होडीजवळ उभं राहून चहा पिऊन गेले होते. एकालाही काही वाटलं नाही. समुद्रावरून ती भिंत त्यांना अंधुक उजेडातही सापडायची, आणि अंगणात ती पाठीला लागलेली असताना दिसत नव्हती.

साडेचारला पश्चिमेकडून सर आली. ऑगस्टात अशा सरी येतात. दिवसभर ऊन आणि अचानक समुद्रच दिसेनासा होतो. ओहोटी अर्ध्याच्या वर गेली होती. होड्या परतायची वेळ. बाबा आणि बाबल बांधाच्या कडेला डोक्यावर इरली घेऊन उभे होते. मी आईबरोबर ओसरीवर होते.

“एक दिसता,” बाबल म्हणाला. “लवूची.”

पावसातून लवूकाकांची होडी पुढे येत होती. इंजिनचा आवाज वाऱ्याने कधी जवळ आणायचा, कधी दूर. लाटा दोन्ही खडपांवर फुटत होत्या, वाटेतही फुटत होत्या. फेस कुठला आणि खडक कुठला हे कळणं शक्यच नव्हतं. अशा वेळी तांडेल पाण्याकडे बघतच नाही.

“लवू खंय जाता?” बाबा म्हणाले.

बाबलने इरलं मागे सारून डोळे बारीक केले.

“बाबल, लवू धाकटेर जाता.”

“लवू? लवू चुकात कसो?”

बाबांनी एक गोष्ट केली ती मला अजून स्पष्ट दिसते. ते लवूकाकांच्या होडीकडे बघायचं सोडून मागे वळले आणि आमच्या घराकडे पाहू लागले. सगळे समुद्राकडे बघत होते आणि ते एकटे समुद्राकडे पाठ करून उभे होते. मग त्यांनी इरलं टाकून दिलं.

अंगण अरुंद म्हणून होडी भिंतीला समांतर मांडली होती. भिंतीचा बराचसा भाग तिच्यामागे गेला होता आणि उत्तरेला ती भिंतीच्या वीस फूट पुढे गेली होती. भिंत पांढरी, होडी पांढरी. समुद्रावरून ती एकच लांब भिंत दिसत होती, आणि तिची उत्तरेकडची कड वीस फूट सरकलेली होती. लवूकाका चुकले नव्हते. ते अगदी बरोबर, माडाखाली कड धरून येत होते.

आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही. होडी पुढे येत होती ती थांबली, एवढंच दिसलं. मग ती आडवी झाली. चार माणसं पाण्यात. वाडीतले लोक दोर घेऊन धाकटीच्या कडेने धावले. ओहोटी असल्यामुळे खडकावर पाय टेकवायला जागा होती, म्हणून चौघेही हाताला लागले. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी बाबांनी तिकडे पाहिलंही नाही.

“मागसून तीन हत,” ते म्हणाले. “ताडपत्री हाड.”

निळी ताडपत्री होती. बाबा आणि बाबल होडीच्या उत्तरेकडच्या टोकावर चढले. मी आणि आई खालून दोऱ्या धरून होतो. वाऱ्याने ताडपत्रीत तोंड घातलं, तिचा फुगा झाला, माझ्या हातातली दोरी तळव्याची सालटी काढून गेली आणि ताडपत्री माडांवरून उडून गेली.

“जाळा टाकूया वरती,” बाबल म्हणाला.

“पांढरा दिसतलाच जाळ्यातसून.”

“चिखल मारूया!”

“पावसात?” बाबा खाली उतरले. समुद्रावर दुसरी होडी दिसू लागली होती. तिच्या मागे आणखी एक ठिपका. त्यांनी एकदा बांधाच्या कडेकडे पाहिलं. होडीपासून कड चार हातांवर.

“समुद्राकडचे टेकू काडूक व्हये,” ते म्हणाले.

बाबल त्यांच्याकडे बघत राहिला. “मास्तर, बांदावरसून खाली गेली तर ती होडी रवाची नाय.”

“म्हायत हा.”

“तीन वर्सां, मास्तर.”

“बाबल, पहार घे.”

वाडीतले तिघे-चौघे धावत आले होते. त्यांना घराच्या बाजूला उभं करून वासे हातात दिले. बाबांनी मोठा घण घेतला. पहिल्या टेकूपाशी वाकले, आणि घण उचलण्याआधी त्यांनी मान वळवून मला विचारलं,

“मालकीण, पाडूची काय?”

दोन श्वासांएवढाही वेळ नव्हता, आणि त्यांनी तो मला विचारण्यात घालवला.

“पाडा,” मी म्हटलं.

समुद्राकडचे सहा टेकू. पाच निघाले तोवर होडी हललीसुद्धा नाही. सहावा निघाल्यावर ती जराशी कलली आणि तशीच थांबली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. मग मागून वाश्यांचा जोर आला. ती बांधाच्या कडेवर बसली, चिरे घेऊन खाली गेली. लाकूड मोडल्याचा आवाज एकदम आला नाही. एकामागून एक बरगडी गेली, ते मोजता आलं असतं.

अंगण रिकामं झालं. मागे भिंत उभी होती, पावसात भिजलेली, वीस फूट, एका बाजूला आमचं मागचं चिकूचं झाड. इतकी छोटी होती ती भिंत.

बाबा बांधावर गेले. खाली पाहिलं नाही. समुद्राकडे बघत राहिले. दुसरी होडी धाकटीच्या रोखाने येतच होती. ती तशीच येत राहिली, येत राहिली. आईने माझा दंड धरला होता. मग तिचं नाक हळूहळू दक्षिणेकडे वळलं.

“भिंत गावली,” बाबा म्हणाले, अगदी हळू.

तिसरी होडी तिच्या मागोमाग आली. चौथी यायला अर्धा तास लागला. ती आत आल्यावरच बाबा बांधावरून उतरले आणि धाकटीकडे गेले.

लवूकाकांची होडी फुटली ती फुटलीच. त्यांचा उजवा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडून दोन ठिकाणी मोडला. तालुक्याच्या इस्पितळात महिनाभर होते. पाय जुळला, पण दोन बोटं आखूड राहिला. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ते काठी टेकत आमच्या अंगणात आले, बांधाच्या कडेने वाकून खाली मोडकी होडी पाहिली आणि म्हणाले, “मास्तर, तुज्या न तरलेल्या होडयेन माजी तरती होडी खाल्ल्यान. आणि आता बघ, पोट फुटान पडली हा.”

बाबा हसले नाहीत. “लवू, चूक माजी.”

“मगे कोणाची? माजी?” काका ओसरीवर बसले. “च्या सांग आधी.”

त्यांनी एवढंच केलं. पुढच्या मोसमात ते दुसऱ्यांच्या होडीवर गेले आणि पहिल्या दिवशी भिंतीचा मासा घेऊन तेच आले. सरंगा होता.

बाबांनी पुन्हा होडी बांधली नाही. मोडक्या होडीच्या बऱ्या फळ्या बाबल मेस्तने काढून नेल्या. नाव मी कुणाला सांगितलं नाही.

त्या अपघातानंतरच्या सोमवारी शाळेत आमचा सागरशास्त्राचा तास होता. बाबांनी फळ्यावर आमचं बंदर काढलं. एक माड, एक भिंत, दोन खडपं.

“भिंतीपासून माड शंभर पावलं मागे आहे,” ते वर्गातल्या प्रमाण मराठीत म्हणाले. “भिंतीपासून खडपं पाचशे पावलं पुढे. भिंतीची कड वीस फूट सरकली, तर खडपांपाशी वाट किती सरकेल?”

मुलांनी गणित केलं. कुणीतरी म्हणालं, “एकशेवीस फूट, सर.”

“बरोबर. अंगणातले वीस म्हणजे समुद्रात एकशेवीस.” त्यांनी आकडा लिहिला. “आता सांगा, चूक कोणाची?”

सगळ्यांना घटना माहीत होती. एक जण धीर करून म्हणाला, “पावसाची, सर?”

“पाऊस चूक करत नाही.” त्यांनी खडूने फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: मोरेश्वर सारंग. “खुणा शिकवणाऱ्या माणसाने खुणेसमोर होडी बांधली. वहीत लिहून घ्या.”

आम्ही लिहून घेतलं. मीसुद्धा.

“आता शेवटचा प्रश्न. ही चूक अपघाताच्या आधी कोणाला दिसू शकली असती? आणि कुठून?”

कोणी बोललं नाही. बाबा खडू हातात धरून उभे होते. त्यांनी कुणा एकाकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिले, तास संपेपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटं तरी. मला वाटलं, मुलांनी विचार करावा म्हणून थांबलेत. घंटा झाली आणि त्यांनी फळा पुसला.

मी पुढे पुण्याला शिकले, तिथेच ग्रंथपाल झाले. त्यांचे विद्यार्थी कुठे कुठे भेटत. कुणी मत्स्य खात्यात, कुणी जहाजावर. “सर अजून ते एकशेवीस फूट शिकवतात का हो?” असं विचारत. शिकवत होते. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या तासाला तेच चित्र, तेच नाव, तोच शेवटचा प्रश्न.

गेल्या माघात मी रजा काढून घरी होते. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते. छातीत पाणी होत होतं, फार बोलवत नव्हतं, पण दुपारी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. नजर अधू झाली होती तरी तोंड समुद्राकडेच. मी शेजारी लसूण सोलत होते. बोलायचं असं ठरवलं नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं, “होडी पाडली त्याच्या आदल्या दिवशी माका दिसला होता.”

मी हातातली लसणाची पाकळी सोलून ताटात टाकली.

“मी धाकटेर गेल्लंय, कालवांक. टोकारसून मागे बघलंय. हात लांब करून करंगळी धरलंय. फट नाय होती. पांढरी कड बरोबर माडाखाली होती. माका कळला होता त्येचो अर्थ काय तो.”

“हं.”

“तुमका सांगलंय असतंय तर तुमी सांजेकच डांबर मारलात असतात. माका ती पांढरीच होई होती, पाण्यात जायसर. एका दिवसाचो प्रश्न, म्हटला. उद्या ऊन पडतला, म्हटला.”

लसणाची सालं वाऱ्याने ओसरीभर झाली होती. मी ती गोळा करायला लागले.

“माका म्हायत होता,” बाबा म्हणाले.

“काय म्हायत होता?”

“तुका दिसला ता.” ते थांबून थांबून बोलत होते. “चुलीकडे वाटी होती, भरलेली. तेवडी मोठी कालवां टोकारच गावतत. आणि टोकारसून मागे न बघता येणारा माज्या घरात कोण नाय.”

“कवा कळला तुमका?”

“भिंतीकडे वळान बघलंय, तवाच. घण उचलूच्या आदी.”

म्हणजे त्यांनी मला विचारलं तेव्हा. मालकीण, पाडूची काय.

मी गोळा केलेली सालं मुठीत धरली. मग मी म्हटलं, “मगे कदी इचारल्यात नाय ता?”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना मी कितपत दिसत होते कुणास ठाऊक.

“दर वर्साक इचारीत होतंय,” ते म्हणाले. “पयल्या वर्साक तू बाकार होतंस. फुडे तू नसलंस तरी इचारीत रवलंय. कोण तरी एकदा सांगात म्हणान.”

आई चहा घेऊन आली. बाबांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारली. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत आणि मीही नाही.

ज्येष्ठात बाबा गेले.

श्रावणात मी पुन्हा घरी आले. चुलत्यांकडच्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, दुःखाचं घर आहे, यंदा चुना लावायचा नाही. आईलाही ते पटलेलं. आता सगळ्या होड्यांवर यंत्रं आहेत, वाट पडद्यावर दिसते. भिंतीवाचून कुणाचं अडत नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी लवूकाका आले. ऐंशीचे झालेत. काठी आता दोन्ही पायांसाठी लागते. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पावसाने ती हिरवट काळी पडली होती.

“चुनो खंय हा?” त्यांनी मला विचारलं.

“काका, ह्या वर्सा घराक लावूचो नाय, असा सांगतत.”

“घराक कोण सांगता लाव म्हणान? घराक लावू नको. भिंतीक लाव. भिंत तुमच्या घराची कदी होती?”

आई आतून ऐकत होती. ती चुन्याची बादली घेऊन बाहेर आली.

चार वाजेपर्यंत भिंत झाली. ओहोटी लागली होती. मी वाटी आणि कोयता घेतला. काका म्हणाले, “जा, बघून ये. फोन घेवन जा. मी हंय बसतंय.”

धाकटीवर मी तीस-पस्तीस वर्षांत गेले नव्हते. पाय घसरत होता, शेवाळ जास्त वाटलं. टोकावर पोचून मी मागे वळले, हात लांब केला, करंगळी धरली. फोन लावला.

“काय दिसता?” काकांनी विचारलं.

“माड डावीकडे. भिंत उजवीकडे. मदी करंगळी.”

“मगे झाला. ये परत.”

“काका, फोन ठेवू नकात. आणखी एक सांगूचा रवला हा.”

“सांग.”

भरती यायला वेळ होता. मी टोकावर उभी राहून सगळं सांगितलं. रंगाचं, करंगळीचं, चुलीजवळच्या वाटीचं. दूर बांधावर त्यांची आकृती दिसत होती, भिंतीसमोर खुर्चीत, काठी पायांत धरलेली. माझं बोलून झाल्यावर फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा होता.

“मास्तराक म्हायत होता?”

“होता.”

“आणि मेलो माका एका शब्दान बोललो नाय.” ते खाकरले. “बरा. आता थंय गेलंस हा तर वाटी भरून हाड. रिकामी येव नको.”

मी फोन पदराला बांधला आणि कोयता घेऊन खाली बसले.